पन्नाशीनंतर एक्स्प्रेसिव्ह आर्ट्सचं काम सुरू करायचंय? माझ्या अनुभवावरून सांगते

३१ जानेवारी २०२० रोजी मी बीएसएनएलमधून व्हीआरएस घेतली. त्याच दिवशी देशभरातून आम्ही ७८ हजारांच्या आसपास माणसं एकदम बाहेर पडलो. माझं वय तेव्हा ५३ होतं. १९८६ साली सांगलीच्या ट्रंक एक्सचेंजला (बाहेरगावचे कॉल जोडून देणाऱ्या केंद्रात) टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागले, तेव्हा समोर कॉर्ड बोर्ड, म्हणजे भोकांत वायरींचे प्लग खोचून कॉल जोडायचा फळा, डोक्यावर हेडसेट आणि हातात तिकिटांची चळत असायची. ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग असे कॉलचे प्रकार होते. तीन मिनिटं झाली की आम्ही मध्ये बोलायचो, "तीन मिनिटं झाली, वाढवायची का?" त्या खुर्चीवर मी एक गोष्ट शिकले, ती म्हणजे शांततेचे प्रकार ओळखणं. लाइन तुटल्यावरची शांतता वेगळी असते आणि पलीकडच्या माणसाला शब्द फुटत नसतानाची वेगळी. दुसऱ्या प्रकारात प्लग काढायचा नसतो, थांबायचं असतं.

आज मी मिरजेत आणि आसपास एक्स्प्रेसिव्ह आर्ट्सची फॅसिलिटेटर म्हणून काम करते. चित्र, माती, आवाज, हालचाल, लिहिणं ही माध्यमं वापरून माणसांच्या गटाला व्यक्त व्हायला जागा करून देणं, हे ते काम. गेल्या वर्षभरात मला बऱ्याच जणींनी, आणि दोन-तीन निवृत्त शिक्षकांनीही विचारलं, "आम्हाला हे करता येईल का? सुरुवात कुठून करायची?" प्रत्येकाला फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढते.

आधी स्वतः गटात बसा

फॅसिलिटेटर होण्याआधी निदान सहा महिने सहभागी म्हणून बसा. यात सवलत नाही.

मे २०२१ मध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, माझी आई गेली. शेवटचं दर्शनही झालं नाही. त्या वर्षाच्या अखेरीस भाचेसून मला पुण्याला दोन दिवसांच्या एका कार्यशाळेला घेऊन गेली. ऑइल पेस्टल हातात देऊन सांगितलं, "हाताला जे सुचेल ते काढा." मी काढला कॉर्ड बोर्ड. चौतीस वर्षांत कधी काढला नव्हता. भोकं, दिवे, एकमेकींत गुंतलेल्या वायरी आणि एक वायर कुठेच न लावलेली, नुसती लोंबकळणारी. कार्यशाळा घेणारी मुलगी माझ्या शेजारी खाली बसली. चित्राचा अर्थ तिने सांगितला नाही. एवढंच विचारलं, "या लोंबकळणाऱ्या वायरीला आवाज असेल तर तो कसा असेल?" आणि माझ्या तोंडून ड्यूटीवरच्या आवाजात बाहेर पडलं, "हॅलो, बोला, लाइन चालू आहे, बोला." सात महिने अडकलेलं रडू तिथे आलं.

हे मुद्दाम सविस्तर सांगितलं, कारण या कामाचं मर्म त्यात आहे. नुसतं चित्र काढून मी कदाचित घरी आले असते. चित्रातून आवाजात जाताना काहीतरी उघडलं. एका माध्यमातून दुसऱ्यात जाण्याच्या या पद्धतीला इंटरमोडल म्हणतात. अमेरिकेतल्या लेस्ली या शिक्षणसंस्थेत १९७४ मध्ये शॉन मॅकनिफ यांनी असा अभ्यासक्रम सुरू केला. पाओलो निल आणि नॅटली रॉजर्स (मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांची मुलगी) ही त्याच प्रवाहातली पुढची मोठी नावं. निल यांचं एक तत्त्व मी माझ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय : कौशल्य कमी असलं तरी चालेल, संवेदनशीलता जास्त हवी. मला चित्रकलेत शाळेत कधी पन्नासच्या वर मार्क पडले नाहीत आणि या कामात ते कधी आडही आलं नाही.

सहभागी म्हणून बसताना स्वतःकडे लक्ष ठेवा. दुसरी बाई रडत असताना तुम्हाला लगेच उठून पाणी द्यावंसं, पाठीवरून हात फिरवावासा वाटतो का? बहुतेकींना वाटतं, मलाही वाटायचं. पण ती घाई अनेकदा तिच्यासाठी नसते. तिचं रडणं आपल्याला सोसत नाही, म्हणून असते. हे स्वतःमध्ये पकडता आलं की पुढच्या शिक्षणाला पाया मिळाला म्हणून समजा.

थेरपिस्ट आणि फॅसिलिटेटर यांतली रेघ

ही रेघ पहिल्या दिवशी आखा आणि व्हिजिटिंग कार्डावरही पाळा. थेरपिस्ट माणसाच्या आजारावर, त्रासावर उपचार म्हणून काम करतो. त्यासाठी मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण आणि देखरेखीखालचा सराव लागतो. फॅसिलिटेटर निदान करत नाही, उपचाराचा दावा करत नाही. गट सुरक्षित ठेवणं, माध्यम देणं आणि वेळ सांभाळणं एवढं त्याचं काम. आंतरराष्ट्रीय एक्स्प्रेसिव्ह आर्ट्स थेरपी असोसिएशन ही १९९४ ची संस्था. तीसुद्धा दोन वेगळ्या नोंदण्या देते, एक थेरपिस्टसाठी आणि दुसरी सल्लागार-शिक्षकांसाठी. आपल्याकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला रिहॅबिलिटेशन कौन्सिलची नोंदणी लागते. आरोग्याशी संलग्न व्यवसायांसाठी २०२१ मध्ये स्वतंत्र कायदाही झाला. त्यामुळे दोन दिवसांचं शिबिर करून "आर्ट थेरपिस्ट" अशी पाटी लावणाऱ्यांच्या मी स्पष्ट विरोधात आहे. समोरच्याने विश्वासाने स्वतःला उघडलेलं असतं आणि पुढे काय करायचं हे तुम्हाला माहीत नसतं, यासारखा धोका नाही.

शाळांच्या प्रशिक्षणांत "सुलभक" हा शब्द रुळलेला आहे. मी कार्डावर तोच लावते : "कला-सुलभक". लोकांना कळतो आणि खोटंही काही सांगत नाही.

प्रशिक्षण निवडताना

पर्याय आहेत. पुण्यात वर्ल्ड सेंटर फॉर क्रिएटिव्ह लर्निंग ही संस्था आर्ट्स बेस्ड थेरपीचं प्रशिक्षण देते. नृत्य आणि हालचालीकडे ओढा असेल तर मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने कोलकाता संवेद या संस्थेच्या साथीने त्या विषयातला डिप्लोमा चालवला आहे. बेंगळुरूकडेही अशा संस्था आहेत. अभ्यासक्रम बदलतात, म्हणून त्या वर्षाची माहिती थेट संस्थेकडूनच घ्या.

मी पहिल्यांदा फसले, तेही सांगते. एका ऑनलाइन कोर्सला १८ हजार रुपये भरले. चोवीस व्हिडिओ, शेवटी बहुपर्यायी परीक्षा, आणि प्रमाणपत्र. एकदाही कुणी माझं सत्र पाहिलं नाही. तिथून शहाणी झाले आणि पुढच्या ठिकाणी पैसे भरण्याआधी फोन करून चार गोष्टी विचारल्या. समोरासमोर किती तास? मी घेतलेलं सत्र कुणी पाहून त्यावर बोलणार का? शिकवणारी माणसं स्वतः आज कुठल्या गटांबरोबर काम करतात? आणि शिकताना माझं स्वतःचं काही वर आलं, तर मला आधार कोण देणार? चौथ्या प्रश्नावर एका ठिकाणी पलीकडून नुसतं हसू आलं. तिथे मी गेले नाही. ज्यांनी शांतपणे सांगितलं की प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःचा समुपदेशक असावा असा आमचा आग्रह आहे, तिथे नाव घातलं. वर्षभर महिन्यातून एक शनिवार-रविवार. मिरजेहून रात्रीची रेल्वे, सकाळी पुणे. फी, प्रवास आणि राहणं धरून माझा खर्च लाखाच्या थोडा आतच झाला. व्हीआरएसचे पैसे होते म्हणून जमलं. पेन्शनवर घर चालत असेल तरच नोकरीनंतर या वाटेला या, कर्ज काढून येऊ नका.

कोर्स सुरू असतानाच एक सुपरव्हायजर शोधा. या क्षेत्रात तुमच्यापेक्षा बरीच वर्षं जुनी, दर महिन्याला तासभर तुमचं ऐकून घेणारी व्यक्ती. तिला तिची फी द्या. मी आजही देते.

पिशवीत काय असावं

पेन्सिल नको. पेन्सिल दिली की मोठी माणसं खोडरबर मागतात आणि खोली परीक्षा हॉल होऊन जाते. ऑइल पेस्टल घ्या, पंचवीस शेडचे, दोघांत एक डबा. स्वस्त मेणखडू घेतले तर हात दुखतो आणि रंग उमटत नाही, ज्येष्ठांच्या गटात हे फार महत्त्वाचं. कागद ए-३ आकाराचा, जाडसर. लहान कागदावर माणूस लहान होतो. गणपतीच्या आधी शाडू माती सहज मिळते, तेव्हा पाच-सहा किलो घेऊन ठेवावी. वाळली तर भिजत घालायची. शिवाय मास्किंग टेप, जुन्या साड्यांचे काठ, दोन-चार ओढण्या, ओलं फडकं. हात पुसायला काही नसलं की बायका मातीला हातच लावत नाहीत.

वाद्यांसाठी मिरज हे भाग्याचं गाव. इथल्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं. वाद्यांचे भोपळे मंगळवेढा भागातून येतात. ते कापताना उरलेले तुकडे कारागिरांकडे पडलेले असतात. मी सतारमेकर गल्लीत गेले, एका चाचांना म्हटलं, "चाचा, हे तुकडे टाकू नका, मला द्या." ते म्हणाले, "काय करणार, भाजी?" मी सांगितलं. पुढच्या आठवड्यात त्यांनी स्वतः घासून गुळगुळीत केलेले सहा तुकडे काढून ठेवले होते, पैसेही घेतले नाहीत. दोन-दोन तुकडे जोडून आत ज्वारीचे दाणे भरले की असा खुळखुळा होतो की प्लॅस्टिकच्या वाद्याला त्याची सर नाही. तुमच्या गावात जे बनतं, ते आधी शोधा. आपल्या मातीतली वस्तू हातात आली की माणूस लवकर मोकळा होतो.

पहिली पिशवी भरायला मला २,८०० रुपये लागले होते.

पहिला गट आणि नव्वद मिनिटं

पहिला गट ओळखीतला घ्या, पण घरातला नको. नणंद, जाऊ, सख्खी मैत्रीण यांना घेतलंत तर त्यांना मोकळं बोलता येत नाही आणि तुम्हालाही थांबता येत नाही. मी आमच्या गल्लीतल्या मारुतीच्या देवळाचं सभागृह दर बुधवारी दुपारी तीन ते साडेचार मागून घेतलं. आठ बायका, वय ५५ ते ७४. आठच्या वर पहिल्या वेळी जाऊ नका. खुर्च्या गोलात ठेवा. जमिनीवर बसणं छान दिसतं, पण गुडघे कुणाचे ते बघा. पंखा कागद उडवतो, बाहेर लाऊडस्पीकर असतो, बाथरूम कुठे आहे हे आधी बघून ठेवा.

माझी नव्वद मिनिटं साधारण अशी जातात. पहिली दहा येण्याची : पाणी, नाव आणि "आज अंगात कसं आहे" यावर एक शब्द. मग पंधरा मिनिटं अंग मोकळं करायचं. आमच्या बायकांना "मूव्हमेंट" म्हटलं की त्या आखडतात. "मंगळागौरीत शेवटचं कधी नाचलात?" विचारलं की हात आपोआप वर जातात. बसल्या जागी टाळ्या, पाय, हळूहळू उभं राहणं. ज्यांना नको त्यांनी ताल धरायचा. त्यानंतर अर्धा तास मुख्य माध्यम, समजा चित्र. मग पंधरा मिनिटं दुसऱ्या माध्यमात जायचं : चित्राला आवाज द्या, किंवा चित्राकडून स्वतःला दोन ओळींचं पत्र लिहा. पुढची पंधरा मिनिटं बोलण्याची, ज्यांना बोलायचं त्यांच्यासाठी. शेवटची पाच समारोपाची, आणि ती कधीही कापायची नाहीत.

लिहिण्याचं माध्यम घ्याल तेव्हा समारोप दुप्पट जपा. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनीबेकर यांनी १९८६ मध्ये विद्यार्थ्यांना चार दिवस रोज पंधरा मिनिटं आपल्या आयुष्यातल्या कठीण प्रसंगाबद्दल लिहायला लावलं. पुढे त्यांच्या तब्येतीवर चांगला परिणाम दिसला, पण लिहून झाल्या झाल्या मन जड होत होतं. तेच जडपण घेऊन कुणाला रिक्षात बसवून द्यायचं नाही. माझ्या गटात लिहिल्यानंतर नेहमी हाताचं काहीतरी असतं. मातीचा गोळा मळायचा, किंवा चहाचे कप भरायचे.

"मला लिहिता येत नाही" म्हणणारी प्रत्येक गटात असते. तेव्हा ओवी कामाला येते. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या गावोगावी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या आणि त्यातल्या बऱ्याच आज पारीच्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर ऐकता येतात. मी त्यातल्या एक-दोन ऐकवते आणि थांबते. पाचव्या बुधवारी चौऱ्याहत्तर वर्षांच्या मावशी, शाळेत चौथीपर्यंत गेलेल्या, चित्रात नुसता एक करडा गोल काढून बसल्या होत्या. म्हटलं, "मावशी, या गोलाची ओवी असेल का?" त्यांनी डोळे मिटले, हात जात्याच्या खुंट्यावर असल्यासारखा फिरवायला लागल्या आणि म्हणाल्या,

जातं पडलं माळ्यावरी, मिक्सर गरगरे वट्यावरी
किती सांगू मी सये तरी, ओवी राहिली ओठावरी

खोलीत कुणी काही बोललं नाही. ती दुसऱ्या प्रकारची शांतता होती. मी हेडसेट काढला नाही.

एक सवय मोडायला मला वर्ष लागलं, "वा, छान काढलंय!" म्हणण्याची. एकीचं चित्र छान म्हटलं की उरलेल्या सात जणी आपल्याला छान म्हणवून घेण्यासाठी काढायला लागतात. त्याऐवजी जे दिसतं ते सांगा. "निळा इथे तीनदा आलाय." "ही रेघ कागदाच्या बाहेर जातेय." अर्थ तुम्ही लावायचा नाही. काळा रंग म्हणजे दुःख, लाल म्हणजे राग, असली कोष्टकं कुणी शिकवत असेल तर तिथून उठा.

माझी चूक

तिसऱ्याच सत्रात मी विषय दिला, "बालपणीचं घर." मला तो गोड वाटला होता. एक अक्का, सत्तरीच्या, अख्खा कागद काळ्या पेस्टलने भरत राहिल्या, इतका जोर लावून की खडू मोडला. मी जवळ गेले आणि विचारलं, "अक्का, घरात कोण कोण होतं?" त्यांनी खडू डब्यात ठेवला, पदर सावरला आणि निघून गेल्या. दोन बुधवार आल्या नाहीत.

सुपरव्हायजरला सांगितलं तेव्हा तिने एकच विचारलं, "ते उत्तर तुला कुणासाठी हवं होतं?" मला रात्रभर झोप लागली नाही. मला जाणून घ्यायचं होतं, अक्कांना सांगायचं नव्हतं. विषयही चुकला होता. घर, आई, लग्न हे विषय नव्या गटात सरळ द्यायचे नसतात. झाड द्या, वाट द्या, पिशवी द्या. ज्यांना घराकडे जायचंय त्या वाटेवरून स्वतः जातील, ज्यांना नाही त्या झाडापाशी थांबतील. तेव्हापासून मी दर सत्रात दोन विषय देते आणि सुरुवातीलाच सांगते की "पास" म्हणता येतं, कारण द्यायचं नाही.

अक्कांच्या घरी मी गेले नाही. चिठ्ठी पाठवली : "बुधवारी तुमची खुर्ची ठेवलेली असते. काही काढायलाच हवं असं नाही." सहाव्या सत्राला त्या आल्या आणि साड्यांच्या काठांची वेणी घालत बसल्या.

नियम, जे लिहूनच ठेवायचे

गटातलं गटात राहील, हे पहिल्या दिवशी प्रत्येकीकडून म्हणवून घ्या. चित्राचा फोटो त्या बाईने स्पष्ट हो म्हटल्याशिवाय काढायचा नाही आणि व्हॉट्सॲप स्टेटसला तर हो म्हटलं तरी नाही. चित्र तिचं, तुमचं नाही. मुलांबरोबर काम करणार असाल तर २०१२ चा पॉक्सो कायदा समजून घ्या : लैंगिक अत्याचाराची माहिती कानावर आली तर ती पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. म्हणून मुलांना "मी कुणालाच सांगणार नाही" असं वचन कधी देऊ नका. जीव द्यावासा वाटतो असं कुणी बोललं तर ऐकून घ्या, एकटं सोडू नका, घरच्या विश्वासाच्या माणसाला आणि तज्ज्ञाला जोडून द्या. टेली-मानसचा १४४१६ हा मोफत सरकारी क्रमांक माझ्या पिशवीत कार्डावर छापलेला असतो. गावातल्या एका मानसोपचारतज्ज्ञांना मी काम सुरू करण्याआधीच भेटून सांगून ठेवलं होतं की कधी कुणाला तुमच्याकडे पाठवीन. तीन वर्षांत चौघांना पाठवलं.

काम आणि पैसे

वृद्धाश्रम, विशेष मुलांच्या शाळा, नर्सिंग कॉलेजं, बचत गट, व्यसनमुक्ती केंद्रं, कॅन्सर रुग्णालयांचे समुपदेशन विभाग, कामं इथे मिळतात. विश्वस्तांना भेटण्यात वेळ घालवू नका. तिथल्या एमएसडब्ल्यू झालेल्या समाजसेविकेला भेटा. कुणाला काय हवंय हे तिलाच माहीत असतं. अर्ध्या पानाचं पत्र न्या : मी कोण, काय करते, काय करत नाही, किती माणसं, किती वेळ, किती पैसे. "आजार बरे होतात" असं चुकूनही लिहू नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये तीन हजारांहून जास्त अभ्यासांचा आढावा घेऊन कला आणि आरोग्याचं नातं मांडलं, त्याचा उल्लेख एका ओळीत करते, त्याहून जास्त नाही.

वर्धापनदिनाला "एक कार्यक्रम घ्या" अशी बोलावणी येतात. एकदा-दोनदा जा, ओळख होते. पण हे काम एका दिवसाचं नाही. मी आठ सत्रांचा प्रस्ताव देते. पहिलं सत्र विनामूल्य, आवडलं तर उरलेली सात फी घेऊन. आठही फुकट करू नका. "तुम्हाला पेन्शन आहे की" असं मला ऐकवलं गेलंय. मी उत्तर दिलं, "माझ्या मागून येणाऱ्या पोरीला पेन्शन नसेल, तिचा दर मी पाडणार नाही."

माझे आकडे मिरज-सांगलीचे आहेत, पुण्या-मुंबईला वेगळे असतील. पहिल्या फीचे ५०० रुपये मिळाले, बसभाडं त्यातच. आता संस्थांकडून एका सत्राचे १,५०० ते २,५०० घेते, कंपनीकडून ८,०००. कंपनीच्या एका दिवसावर वृद्धाश्रमाची चार सत्रं निघतात, असा हिशोब मी मनाशी ठेवते. तिसऱ्या वर्षी सगळे मिळून १ लाख ४० हजार झाले. संस्था टीडीएस कापतात, त्यामुळे पॅन द्या आणि रिटर्न भरून जो परतावा निघेल तो घ्या. पावती पुस्तक पहिल्या दिवसापासून ठेवा. आठवड्यात तीनपेक्षा जास्त सत्रं घेत नाही. चौथ्या सत्राला माझे कान थकलेले असतात आणि ते समोरच्यांना लगेच कळतं.

गट संपवताना

दहा बुधवारांनंतर देवळातला गट संपायचा होता. संपण्याची तारीख पहिल्या दिवशीच सांगा आणि शेवटच्या तीन सत्रांत दर वेळी आठवण द्या, "आता दोन राहिली." ज्यांच्या आयुष्यातून माणसं न सांगता निघून गेलीयत, त्यांना ठरवून घेतलेला निरोप मिळायला हवा. शेवटच्या सत्रात नवं काही काढायला लावू नका. सगळ्या सत्रांची चित्रं जमिनीवर किंवा टेबलावर मांडा, प्रत्येकीने स्वतःच्या चित्रांमधून सावकाश फिरायचं आणि काय घरी न्यायचं, काय नाही ते ठरवायचं. न्यायचं नसेल तर काय करायचं हे तिला विचारा. एकीने तिची दोन चित्रं कृष्णेत सोडायची म्हटली, आम्ही कागदावरची टेप काढून, घाटावर न नेता, माती कालवायच्या पाण्यात भिजवली आणि तो लगदा देवळामागच्या कण्हेरीला घातला. मावशींनी करडा गोल गुंडाळून पिशवीत ठेवला.

अक्कांनी साड्यांच्या काठांची वेणी गळ्यात घातली. तो काळा कागद बराच वेळ हातात धरून उभ्या होत्या. मी विचारलं नाही. मग माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "हे घरी नको गं. तुझ्याकडं ठेव." मी तो त्यांच्यासमोर गुंडाळला, वर दोरा बांधला, तारीख घातली. कपाटात वरच्या कप्प्यात आहे, त्या दिवसापासून उघडलेला नाही. मागतील तेव्हा द्यायचा.